औषधाचे पाकीट आणि पेजेची वेळ: एका पदव्युत्तर डिझाइन प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

दृश्यसंवाद डिझाइनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात शेवटचा प्रकल्प सुरू झाला की बहुतेक मुले एकाच ठिकाणी अडतात. हात बसलेला असतो, डोळा तयार असतो, संगणक हुकमी चालतो. पण ‘तुझा संशोधनप्रश्न काय?’ असे विचारले की उत्तरादाखल करायच्या वस्तूंची यादी येते. पोस्टर करणार, ॲप करणार, चिन्हसंच करणार. हे प्रकरण अशाच एका चिन्हसंचापासून सुरू झाले आणि स्वयंपाकघरात पोहोचले. विद्यार्थिनी गोव्याच्या डिचोली तालुक्यातली, संस्था मुंबईतली, क्षेत्रकाम गोव्यातले आणि मी तिची इथली सहमार्गदर्शक. तिचे नाव, गाव आणि ज्या घरांत ती गेली ती घरे ओळखू येणार नाहीत, याची काळजी घेतली आहे.

तिने पदवी पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या गोवा कला महाविद्यालयातून घेतली, विषय उपयोजित कला. मग पणजीत जाहिरातीच्या कामाचा अनुभव घेतला आणि सीड ही पदव्युत्तर डिझाइनची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन मुंबईला गेली. पदवीला विषय हातात मिळतो आणि आपण तो रंगवून, जुळवून, मांडून देतो. पदव्युत्तरला विषय स्वतः शोधावा लागतो, तोच का घेतला हे लिहून पटवावे लागते आणि केलेले काम कोणासमोर, कसे तपासले ते दाखवावे लागते. परीक्षेची तयारी करून देणारे आता गावोगावी भेटतात. या लिहिण्या-तपासण्याची सवय लावणारे फार कमी भेटतात आणि त्याची किंमत मुले पहिले वर्षभर मोजतात.

आपल्याकडे या शिक्षणाचा पाया जुना आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याने भारत सरकारला डिझाइन शिक्षणाविषयी अहवाल दिला तो १९५८ मध्ये, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली आणि मुंबई आयआयटीतले औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ मध्ये. त्या केंद्रात शिकवणारे रघुनाथ कृष्ण जोशी यांनी देवनागरी अक्षर संगणकावर आणण्यासाठी आयुष्य वेचले. संगणकात कित्येक वर्षे आपण वाचत आलो तो ‘मंगल’ हा फाँट त्यांचाच. अक्षराचा अभ्यास इतक्या निष्ठेने करणारी परंपरा आपल्यापाशी आहे. ते अक्षर ज्याच्या हाती जाते त्याच्या दिवसाचा अभ्यास तितक्याच निष्ठेने व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे आणि हे प्रकरण लिहून काढण्याचे कारणही तेच.

तिने विषय निवडला तो रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड यांसाठी रोज गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांचा. फार्मसीतून येणारे कागदी पाकीट हातात घेऊन पाहा. पुढच्या बाजूला दुकानाचे नाव आणि फोन नंबर, मागची बाजू कोरी. आत तीन-चार पट्ट्या, त्यातली एखादी कात्रीने कापलेली. कापताना औषधाचे नाव दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर गेलेले, मुदतीची तारीख अर्धीच उरलेली. चंदेरी पाठीवर बॉलपेनाने १-०-१ लिहिलेले आणि फॉइलवर शाई न धरल्याने मधले शून्य नुसते खरवडल्यासारखे. डॉक्टरांनी औषधाचे जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे, अशी दुरुस्ती भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ मध्ये झाली. ती चिठ्ठीपुरती. घरी आल्यावर चिठ्ठी फायलीत जाते आणि रोज हाताळले जाते ते पाकीट.

या पाकिटाचा वाचक कोण, हे ठरवताना गोव्याचा इतिहास मध्ये आला. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या भागांत आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक बायका मराठी शाळेत शिकल्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये दयानंद बांदोडकरांचे सरकार आले आणि खेडोपाडी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यांतल्या बहुतेक मराठी माध्यमाच्या. घरात बोलणे कोकणी, वाचणे मराठी. वर्तमानपत्र, पोथी, जत्रेतल्या नाटकाची जाहिरात, सगळे मराठीत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. नातवंडे मात्र इंग्रजी शाळेत. त्यामुळे मुलाखती कोकणीत घ्यायच्या, कागद मराठीत छापायचा आणि गोळीचे नाव वाचायला नातवाला हाक मारायची, अशी स्थिती. मुंबईच्या वर्गात बसून केलेल्या आराखड्यात हे काहीच नव्हते. तिथे ‘कमी साक्षर ग्रामीण ज्येष्ठ’ एवढीच नोंद होती.

त्या नोंदीमुळेच ती चिन्हांकडे वळली. वाचता येत नाही, तर चित्र द्या. या विचाराला मोठी परंपरा आहे. १९२० च्या दशकात व्हिएन्नात ओटो नॉइराट, मारी रायडेमायस्टर आणि गेर्ड आर्न्ट्झ यांनी सामाजिक माहिती सामान्य माणसापर्यंत चित्रांतून नेण्याची पद्धत घडवली. औषधांसाठी अमेरिकन फार्माकोपिया या औषधांची मानके ठरवणाऱ्या संस्थेचा ८१ चिन्हांचा संच आहे. दक्षिण आफ्रिकेत रॉस डाउस आणि एम. एस. एलर्स यांनी तीच चिन्हे तिथल्या कमी शिकलेल्या लोकांपुढे ठेवली, तेव्हा स्थानिक लोकांना सोबत घेऊन काढलेली चिन्हे जास्त समजली. हे वाचून तिने गोव्यातल्या घरांसाठी स्वतःचा संच काढला: उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, चंद्र, भरलेले ताट, रिकामे ताट, पूर्ण गोळी, अर्धी गोळी. रेघ सुबक होती, सगळ्यांची जाडी सारखी, मोकळ्या जागेचा तोल उत्तम. पदवीच्या प्रदर्शनात हा संच सहज बक्षीस घेऊन गेला असता.

तपासणीसाठी संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी घेतली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवून तीन अटी ठरल्या. खरे औषध वापरायचे नाही, पुठ्ठ्याच्या पट्ट्या वापरायच्या. मात्रेबद्दल कोणालाही सल्ला द्यायचा नाही. कोणी चुकीच्या पद्धतीने औषध घेत असल्याचे दिसले, तर त्यांच्या संमतीने आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना कळवायचे. डिझाइनच्या मुलांना हे कागदपत्र ओझे वाटते. या प्रकल्पात तिसऱ्या अटीनेच पुढची वाट दाखवली.

आता ते कार्ड. डावीकडे उगवता सूर्य होता: आडवी रेघ, तिच्यावर अर्धे वर्तुळ, वर तीन छोटे किरण. उजवीकडे अर्धी गोळी: अर्धे वर्तुळ, खाली सरळ रेघ. सत्तरीतल्या एका माईंनी कार्ड खिडकीपाशी नेले, दोन्ही चित्रांवर बोट ठेवले आणि हिशेब सांगितला, ही एक अर्धी, ही एक अर्धी, दोन्ही मिळून एक गोळी. किरण त्यांना दिसलेच नव्हते, मोतीबिंदू होता. त्यांच्या सुनेला किरण दिसले, पण तिने सूर्य मावळता समजून गोळी संध्याकाळची ठरवली. रेघेत काढलेला उगवता आणि मावळता सूर्य एकसारखाच असतो, तेव्हा चूक तिची म्हणता येणार नाही. दुसऱ्या घरात चित्राऐवजी १/२ असे लिहून पाहिले, तर उत्तर आले, ‘एक-दोन घ्यायच्या.’

ती खचून परत आली आणि मला विचारू लागली की किती लोकांना समजले म्हणजे चिन्ह पास धरायचे. याची मानके आहेत. आंतरराष्ट्रीय मानकात ६७ टक्के अचूक उत्तरांचा निकष वापरात आला. अमेरिकेच्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात तो ८५ टक्के आहे आणि सोबत दुसरी अट आहे: घातक ठरेल असा उलटा अर्थ काढणारे ५ टक्क्यांहून जास्त असू नयेत. औषधाच्या बाबतीत मला ही दुसरी अट पहिलीपेक्षा मोलाची वाटते. चिन्ह न समजलेला माणूस कोणाला तरी विचारतो. चुकीचे समजलेला माणूस विचारत नाही, गोळी घेऊन मोकळा होतो. चाचणीच्या तक्त्यात बरोबर आणि चूक असे दोनच रकाने ठेवले, तर हा फरक पुसला जातो. तिने तक्ता नव्याने आखला आणि प्रत्येक चुकीच्या उत्तरापुढे ‘मग तुम्ही काय केले असते?’ हा प्रश्न जोडला.

या एका प्रश्नाने चाचणीची मुलाखत झाली. माणसे बोलू लागली आणि लक्षात आले की या घरांतल्या बायकांना चांगले वाचता येते. अडचण अक्षराच्या आकाराची होती, स्वयंपाकघरातल्या उजेडाची होती, चष्म्याची होती. ‘अर्धी गोळी’ हे दोन शब्द पहिलीच्या पुस्तकातल्यासारख्या मोठ्या अक्षरात छापून दाखवले, तेव्हा कुणीच अडखळले नाही. वाचता येणाऱ्या माणसाला अडाणी धरून चित्रे काढण्यात एक अनादर आहे, तो आपल्या क्षेत्रात चांगुलपणाच्या नावाखाली वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि पदव्युत्तर पातळीवर तरी तो थांबायला हवा.

दरम्यान तिसऱ्या अटीचा प्रसंग आला. एक काकी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेत होत्या. चिठ्ठीवर लिहिले होते ‘न्याहारीपूर्वी’. काकी सकाळी सहाला उठून कोरा चहा आणि अर्धा पाव घेत, मग गोठा, अंगण, फुले, देवपूजा. साडेदहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणचे. दुपारी दीड-दोनला शीतकढी, म्हणजे भात-कालवण. गोळी त्या चहाआधी घेत आणि पेजेपर्यंत कधी कधी हातपाय कापत, घाम येई. तो वयाचा थकवा, असे त्या धरून चालल्या होत्या. शेजारच्या घरातल्या बाई तीच गोळी पेजेआधी घेत होत्या. ग्लिमेपिराइड रक्तातली साखर खाली आणते, म्हणून ती दिवसातल्या पहिल्या मुख्य जेवणाआधी किंवा त्यासोबत घ्यायची असते आणि त्यानंतर जेवण चुकवायचे नसते. काकींच्या संमतीने डॉक्टरांना कळवले. त्यांनी काकींना बोलावून साखर तपासली आणि वेळ बदलून दिली.

विद्यार्थिनीने डॉक्टरांना विचारले की मग गोव्यात सरसकट ‘पेजेआधी’ असेच छापावे का. डॉक्टर नको म्हणाले. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन रिकाम्या पोटी, पहिल्या चहाच्याही आधी अर्धा-पाऊण तास हवी. मेटफॉर्मिन जेवणासोबत किंवा नंतर, नाहीतर पोट बिघडते. पेज सगळ्या घरांत राहिलेली नाही, नोकरी करणारी सून आठलाच पोहे खाऊन निघते. त्यात सोमवार, एकादशी, श्रावणातले उपास. औषधाची वेळ घराच्या दिवसाशी बांधावी लागते आणि तो दिवस घरागणिक वेगळा असतो. छापून तयार असलेले कुठलेही चिन्ह हे काम करू शकणार नव्हते.

इथे प्रकल्पाने वळण घेतले. क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून मांडलेली तीन प्रकारांची विभागणी प्रत्येक पदव्युत्तर वर्गात शिकवली जाते: डिझाइनविषयी संशोधन, डिझाइनसाठी संशोधन आणि डिझाइनमधून संशोधन. मुले आपल्या प्रस्तावात तिसरा प्रकार लिहून टाकतात, कारण तो भारदस्त वाटतो. हिनेही लिहिला होता. मध्यावधी आढाव्यात मी विचारले, ‘रेखाटन केल्यामुळेच कळले, एरवी कळलेच नसते, असे तुला काय मिळाले?’ तिने माईंचे अर्ध्या वर्तुळाचे कार्ड काढून टेबलावर ठेवले. ते कार्ड चुकले नसते तर ‘मग तुम्ही काय केले असते?’ हा प्रश्न आला नसता आणि त्या प्रश्नाशिवाय काकींची सकाळ समोर आली नसती. तिच्या प्रस्तावातला ‘डिझाइनमधून’ हा शब्द त्या दिवशी खरा ठरला. संशोधनप्रश्नही तिने त्याच आठवड्यात बदलला: औषधाची वेळ ज्येष्ठांच्या घरातल्या दिनक्रमाशी जोडण्याचे काम फार्मसीच्या काउंटरवर, तिथल्या घाईत, एका कागदावर कसे करता येईल?

काउंटरचा अभ्यास तिने संध्याकाळच्या गर्दीत उभे राहून केला आणि तिथे तिच्या पहिल्या नमुन्याचा निकाल लगेच लागला. तो होता दोन रंगांचा, गुळगुळीत कागदावरचा सुंदर फॉर्म. फार्मासिस्टने बॉलपेन टेकवले तर शाई घसरली. घरी नेलेल्या इंकजेट प्रती पावसाळी हवेत पसरल्या. वेगळा कागद भरायला त्याला सवड नव्हती, जे करायचे ते पाकिटावरच, असे त्याने स्पष्ट सांगितले. पाकिटे तो गावातल्या छापखान्यातून एका रंगात छापून घेत होता. पुढच्या बाजूच्या आपल्या दुकानाच्या नावाला हात लावू देणार नव्हता आणि ते रास्तच होते. उरली ती मागची कोरी बाजू.

त्या बाजूवर एक उभी दिवसपट्टी आली. वरून खाली: उठल्यावर, पहिला चहा, पेज किंवा न्याहारी, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण, झोपताना. दोन घटनांच्या मधली जागाही रिकामी चौकट म्हणून ठेवलेली, म्हणजे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे काही लिहावेच लागत नाही, खूण कुठे केली त्यावरून ते कळते. घरात जे होत नाही त्यावर फार्मासिस्टने काट मारायची. गोळी जिथे घ्यायची तिथे पेनाने एक गोल. अर्ध्यासाठी शेजारी छापलेल्या ‘अर्धी गोळी’ या शब्दांवर खूण. आकडे पूर्ण काढून टाकले, कारण घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि दुकानातली तरुण मुले इंग्रजी आकडे लिहितात, माई मराठी वाचतात. अक्षरासाठी ‘एक टाइप’ नावाच्या मुंबईच्या अक्षररचनाकारांच्या गटाचा, खुल्या परवान्यावर मिळणारा ‘मुक्ता’ हा फाँट घेतला. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असतो. ओळी जवळ आणल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो आणि थकल्या डोळ्यांना नुसता डाग दिसतो. म्हणून एका ओळीची शीर्षके ठेवून मध्ये भरपूर जागा सोडली. एका पाकिटात एकच औषध, हा नियम फार्मासिस्टनेच सुचवला. कापलेल्या पट्टीचे हरवलेले नाव तो पाकिटावर लिहू लागला.

खूण करताना त्याला गिऱ्हाइकाला विचारावेच लागते, ‘माई, तुमच्याकडे पेज होते? किती वाजता?’ मला या प्रकल्पातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. कागदामुळे काउंटरवर एक संभाषण घडू लागले. त्याच बोलण्यात एका बाईंनी तक्रार केली, ‘गुळयो बदलल्यो गो बाये.’ दुसऱ्या कंपनीची गोळी आली होती, रंग वेगळा, म्हणून त्यांनी ती घेणेच थांबवले होते. गोळीचा रंग किंवा आकार बदलला की माणसे औषध मध्येच सोडण्याची शक्यता वाढते, हे अमेरिकेत आरन केसेलहाइम यांच्या गटाने दाखवले आहे. आमच्यासमोर ते डिचोलीच्या काउंटरवर उभे होते. फार्मासिस्टने बाईंना दोन्ही पट्ट्यांवरचे एकच जेनेरिक नाव वाचून दाखवले आणि पाकिटावर ते ठळक लिहून दिले.

अंतिम परीक्षेत एका परीक्षकांनी पाकीट उलटसुलट पाहून विचारले, ‘यात डिझाइन कुठे आहे?’ प्रश्न रोखठोक होता आणि तिचे उत्तरही. तिने टाकून दिलेले सगळे नमुने तारखेनुसार भिंतीवर लावले होते, प्रत्येकाखाली तो कोणत्या घरात, कोणत्या वाक्यामुळे बाद झाला याची नोंद. ती परीक्षकांना त्या भिंतीपाशी घेऊन गेली. चर्चा लांबली, गुण चांगले मिळाले. तरीही ज्या रकान्यांत ते गुण भरले गेले त्यात ‘अंतिम कलाकृती’ला जो वाटा होता, तो संशोधनाच्या नोंदींना नव्हता. संशोधन शिकवतो असे म्हणणाऱ्या अभ्यासक्रमाने बाद नमुन्यांच्या नोंदींनाही गुणपत्रिकेत हक्काची जागा दिली पाहिजे. नाहीतर पुढची मुले पुन्हा सुबक चिन्हसंच घेऊनच येतील आणि त्यांचे तरी काय चुकेल?

एक गोष्ट दिवसपट्टीत बसली नाही. सांधेदुखीच्या काही रुग्णांना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तीच गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकते. रोजच्या दिवसाच्या पट्टीवर आठवड्याची गोळी दाखवायची म्हणजे धोक्याला आमंत्रण. अशा औषधासाठी हे पाकीट वापरायचे नाही, असे ठळक अक्षरांत छापून तिने तो भाग थांबवला. क्षेत्रकामात तिने टिपले होते की या घरांत गॅस कधी लावला, दूध किती आले, पाहुणे कधी येणार, हे सगळे भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत लिहिले जाते. आठवड्याच्या गोळीची जागा कदाचित तिथे आहे. पण ते तपासायचे तर धोका जास्त म्हणून नैतिकता समितीची वेगळी परवानगी लागेल, संधिवाताचे डॉक्टर सुरुवातीपासून सोबत लागतील आणि घातक गैरसमजाचा निकष ५ टक्क्यांहून कितीतरी कडक धरावा लागेल. तिच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण हाच आराखडा मांडते आणि तिच्या नंतरच्या तुकडीतल्या एका विद्यार्थ्याने तो आता आपल्या प्रकल्पासाठी घेतला आहे.